आपल्या शाळेत असं होत नाही

१

मधल्या सुट्टीची घंटा वाजून संपलीही नव्हती, तोच प्रयोगशाळेच्या बाजूने एक किंकाळी आली आणि पाठोपाठ काच फुटल्याचा आवाज.

नव्या बाई शिक्षकांच्या खोलीतून धावत सुटल्या. त्या इतिहास शिकवायच्या. शाळेत येऊन त्यांना अजून वर्ष झालं नव्हतं, म्हणून मुलांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना ‘नव्या बाई’च म्हणत. जिन्यावर खेळाचे सर भेटले आणि दोघं बरोबरच प्रयोगशाळेत शिरले. दारात दहावीतली एक मुलगी उभी होती. पायाशी फुटलेल्या चंचुपात्राच्या काचा होत्या. तिने नुसतं आतल्या खोलीकडे बोट केलं.

आत, सामानाच्या कपाटांमधल्या छोट्या टेबलावर डोकं टेकून विज्ञानाच्या बाई बसल्या होत्या. कोणालाही वाटलं असतं, डुलकी लागली आहे. पण ओठ निळसर पडले होते आणि श्वास असा येत होता, जसं कोणी ओली वाळू फावड्याने ओढतंय.

“बाई! अहो बाई!” खेळाच्या सरांनी त्यांना हलवलं. मान एका बाजूला कलंडली.

कोपराजवळ त्यांचा कप होता, निळा मासा रंगवलेला. तळाशी घोटभर चहा. आणि बरोबर त्याच्या वर, भिंतीवर, विज्ञानाच्या बाईंच्याच वळणदार अक्षरातली पाटी: ‘येथे खाणे-पिणे सक्त मना.’

रुग्णवाहिका आली आणि गेली. व्हरांड्यात जमलेल्या मुलांना उपमुख्याध्यापकांनी वर्गात पिटाळलं. त्यांना सगळे ‘उपसर’ म्हणत. “चक्कर आली आहे, बाकी काही नाही,” ते घड्याळाकडे बघत म्हणाले. “आपल्या शाळेत असं काही होत नाही.”

नव्या बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांना सकाळचं बोलणं आठवत होतं.

शाळा भरायच्या आधी विज्ञानाच्या बाईंनी त्यांना जिन्याखाली गाठलं होतं. नाक सर्दीने लाल, हातात चुरगळलेला रुमाल. “आज चौकशी समिती येतेय. मी त्यांना खरं सांगणार आहे,” त्या कुजबुजल्या होत्या. “कोणाला बोलू नका. तुम्ही अजून कोणाच्या नाही, म्हणून सांगते. आता फक्त आणखी एका माणसाच्या कानावर घालायचंय. त्यांना अंधारात ठेवून मला हे जमायचं नाही.”

तो आणखी एक माणूस कोण, हे विचारायचं राहून गेलं होतं.

२

‘खरं’ म्हणजे काय, हे शाळेत प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कोणाच्याच ओठांवर नव्हतं.

गेल्या महिन्यात व्यायामशाळेतल्या भिंतीवरची लाकडी शिडी निखळली आणि आठवीतली एक मुलगी वरून खाली आली. मांडीचं हाड मोडलं. पुन्हा पहिल्यासारखी चालेल की नाही, डॉक्टर खात्री देत नव्हते. शाळेने सांगितलं, मुलगी हट्टाने, कोणाला न विचारता चढली. शिडी अगदी ठणठणीत होती. तसं निवेदन तयार झालं आणि भर बैठकीत फिरवलं गेलं. सगळ्यांनी सह्या केल्या. विज्ञानाच्या बाईंनी केली. नव्या बाईंनीही केली.

तशी ही शाळा हेवा वाटावा अशी. इथे भांडणं नव्हती. कोणाच्या घरी दुखणं आलं तर बाकीचे न सांगता तास वाटून घेत. पण बैठकीत कोणी एखादा वेडावाकडा प्रश्न विचारला, की खोलीतली हवा बदलायची. ओरडत कोणी नसे. सगळे त्या माणसाकडे अशा काही मायेने बघत, की त्याला वाटावं, आजारी आपणच आहोत. दुसऱ्या दिवशी तो प्रश्न विसरलेला असे.

मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, यांनी नव्या बाईंना खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“रुग्णालयातून फोन आला होता. पोटात झोपेच्या गोळ्या सापडल्यात. पुष्कळ. त्यात सर्दीचं औषध चालू होतं, त्यामुळे दुप्पट भिनलं. सुट्टीच्या बऱ्याच आधी घेतल्या असणार म्हणतात.”

“वाचतील ना?”

“सांगता येत नाही.” मोठ्या बाईंनी टेबलावरचं पेन सरळ केलं. “पोलीस येऊन गेले. त्यांना वाटतंय, तिने स्वतःच घेतल्या. समितीला मी उद्या सकाळी या म्हणून कळवलंय. तोवर मला कळायला हवं, काय झालंय ते. मी विचारलं तर सगळे मान डोलावतील. तुम्ही नव्या आहात, ना इकडच्या ना तिकडच्या. तुम्ही विचारा.”

“आणि कळलं तर?”

“तर आधी मला सांगा. फक्त मला.”

नव्या बाई उठल्या. दाराशी थांबून त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आज सकाळी त्या तुमच्याशी काही बोलल्या होत्या का?”

“नाही. मी तर तिला पाहिलीच नाही.” मोठ्या बाई चमकल्या. “का? काही बोलायचं होतं तिला?”

३

स्वतः घेतल्या हे नव्या बाईंना पटत नव्हतं, आणि त्याला कारण होतं तो कप.

सुट्टीच्या आधीचा तास त्यांना मोकळा होता. तो सबंध तास त्या शिक्षकांच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत बसल्या होत्या. तिथे भिंतीवर खुंट्यांची रांग होती, प्रत्येकाची खुंटी, प्रत्येकाचा कप. नव्या बाईंना खुंटी नव्हती. त्या कागदी पेल्यातून चहा पीत, आणि खरं सांगायचं तर ती गोष्ट त्यांना जरा लागायची. म्हणून नजर पुन्हा पुन्हा त्या रांगेवर जायची. तास सुरू झाला तेव्हा निळ्या माशाचा कप खुंटीवर होता, कोरडा ठणठणीत. हे त्यांना शपथेवर सांगता आलं असतं.

आणि डॉक्टर म्हणत होते, गोळ्या सुट्टीच्या बऱ्याच आधी पोटात गेल्या. म्हणजे त्याच्याही आधीच्या तासाला; तेव्हापासून सुट्टीपर्यंत विज्ञानाच्या बाई मोकळ्या होत्या आणि कुठे होत्या हे कोणाला माहीत नव्हतं. त्या प्यायल्या ते दुसऱ्याच कशातून तरी. हा कप नंतर तिथे नेऊन ठेवला होता. प्रयोगशाळेत पाण्याचा घोट न घेणारी बाई आपला चहा घेऊन तिथे बसणार नाही, हे ठेवणाऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या तासाला शिक्षकांच्या खोलीत कोण कोण आलं? खेळाचे सर शिट्टी शोधायला आले होते. उपसर बदली तासांचा कागद लावून गेले. ग्रंथपाल माई रोजच्यासारख्या उष्टे कप न्यायला आल्या, “जेवलीस का गं?” म्हणून पाठीवर हात फिरवून गेल्या. या तिघांपैकी एक.

आणि त्यांतल्याच कोणाला तरी विज्ञानाच्या बाईंनी आपलं गुपित सांगितलं होतं.

नव्या बाईंनी ठरवलं, तिघांना एकच प्रश्न विचारायचा. आणि विज्ञानाच्या बाई समितीपुढे बोलणार होत्या, हे स्वतःच्या तोंडून निघू द्यायचं नाही.

खेळाचे सर व्यायामशाळेत एकटेच होते. शिडी होती तिथे आता ताज्या रंगाचा चौकोन होता.

“विज्ञानाच्या बाईंना कसलं टेन्शन होतं, सर?”

“मला काय विचारता?” ते एकदम अंगावर आले. “सरळ म्हणा ना, मी केलं म्हणून! शिडी माझ्या ताब्यात होती, नोकरी माझी जाणार होती...” मग आवाज खाली आला. “अहो, त्या तर आमच्याच बाजूने होत्या. सही केली त्यांनी. मला सगळ्यांत जास्त भीती त्यांचीच होती. त्यांनी सही केली त्या दिवशी मी अपघातानंतर पहिल्यांदा पोटभर जेवलो. मी कशाला त्यांच्या वाईटावर उठू?”

बोलताना ते त्या रंगाच्या चौकोनाकडे पाठ करून उभे होते.

उपसरांनी तर प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. “टेन्शन? छे! निवेदन झालं, विषय मिटला. सगळं एकमताने.”

“सर, तुम्ही झोपेच्या गोळ्या घेता ना?”

“सगळ्या शाळेला माहीत आहे. या वेळापत्रकाने झोप उडवली माझी.” ते हसले. “या इथे खणातच असतात. कुलूपबिलूप नाही. आपल्या शाळेत कोण चोरणार?”

त्यांनी खण ओढला, बाटली उचलली आणि हसू चेहऱ्यावरच थिजलं. बाटली रिकामी होती.

“काल भरलेली होती,” ते म्हणाले. त्यांनी बाटली उलटी करून पाहिली. “नव्या बाई, हे... हे तुम्ही कोणाला सांगू नका.”

४

ग्रंथालय शाळेतली सगळ्यांत उबदार जागा. मागच्या बाजूला, जुन्या नकाशांच्या कपाटाआड, माईंचा एक कोपरा होता: दोन वेताच्या खुर्च्या, विजेची किटली, कॉफीचा डबा. शाळा उघडली त्या दिवसापासून माई इथे होत्या. मोठ्या बाई इथे विद्यार्थिनी म्हणून आल्या तेव्हाही माई होत्याच. लग्न मोडलेलं असो की मुलाने परीक्षेत माती खाल्लेली असो, रडायला सगळे इथे येत. कपांच्या खुंट्या ही माईंचीच कल्पना. “घर म्हटलं की ज्याची त्याची खुंटी हवी,” असं त्या म्हणत.

माईंचे डोळे सुजलेले होते. त्यांनी नव्या बाईंचा हात हातात घेतला.

“कशी आहे गं ती?”

“अजून शुद्ध नाही. माई, त्यांना कसलं टेन्शन होतं?”

“काय सांगू पोरी. मनाने हळवी. आधी सही करून बसली, आणि त्या परक्या माणसांपुढे उभं राहून सांगायचं भलतंच. आपल्याच माणसांच्या विरुद्ध. हे ओझं पेलतं का कोणाला? मोडली बिचारी. रागावू नकोस तिच्यावर.”

“नाही रागावत,” नव्या बाई म्हणाल्या. माईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडावंसं वाटत होतं. त्या उठल्या, कपाटाला वळसा घालून दारापर्यंत आल्या.

आणि कडीवर हात तसाच राहिला.

खेळाचे सर म्हणाले, त्या आमच्या बाजूने होत्या. उपसर म्हणाले, विषय मिटला. मोठ्या बाईंनी तर ‘काही बोलायचं होतं का’ म्हणून उलट विचारलं. सगळ्या शाळेसाठी सही म्हणजे शेवट होता. विज्ञानाच्या बाई समितीपुढे उलटं बोलणार आहेत, हे दोनच माणसांना माहीत असणं शक्य होतं. एक स्वतः नव्या बाई.

दुसऱ्या माणसाने आत्ताच त्यांचा हात हातात घेतला होता.

५

त्या परत कपाटाआड गेल्या तेव्हा माई तशाच बसून होत्या.

“माई, त्या भलतंच सांगणार होत्या, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“अगं, अंदाज...”

“अंदाज नाही. आज सकाळी त्या तुमच्याकडे आल्या. तुम्हाला अंधारात ठेवून त्यांना जमेना, म्हणून. त्या इथेच बसल्या, या खुर्चीत. किटली तापेपर्यंत तुम्ही उपसरांच्या खणातल्या गोळ्या आणल्यात आणि कॉफीत घालून दिल्यात. कडू कॉफीत गोळ्यांचा कडूपणा कळत नाही, आणि सर्दीने त्यांना चव नव्हतीच.”

माईंनी अंगावरची शाल आवळून घेतली.

“मग त्यांचा कप तुम्ही खुंटीवरून काढून उष्ट्या कपांबरोबर नेलात, माझ्यासमोरून. तुम्ही रोजच कप नेता, तुमच्याकडे कोण बघणार? त्यात चहा ओतून त्यांच्या कोपराशी ठेवून आलात. तुमचा प्रयोगशाळेशी कधी संबंध आला नाही. तिथे त्या पाणीसुद्धा पीत नाहीत, हे तुम्हाला माहीत नव्हतं.”

माई किटलीकडे बघत म्हणाल्या, “नुसतं झोपवायचं होतं गं. समिती येऊन गेली असती, उद्या मी तिची समजूत काढली असती. माझं सगळे ऐकतात. खेळाच्या सरांची पोरं लहान आहेत. उपसर तिने आधी सांगितलेलं विसरले, माणूसच आहे तो. शाळेची मान्यता काढून घेतली तर इतकी मुलं जातील कुठे? एका मुलीच्या पायापायी मी सगळं घर मोडू देऊ?”

“उपसरांना आधीच सांगितलं होतं? शिडी सैल असल्याचं?”

“दोनदा सांगितलं होतं म्हणे तिने. मलाही आजच कळलं.”

नव्या बाई एक पाऊल पुढे आल्या. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. “माई, कप ठेवायला गेलात तेव्हा तुम्ही त्यांना पाहिलंत. तो श्वास ऐकलात?”

“घोरत होती.” माईंचा आवाज चिरकला. “मला वाटलं, गाढ लागलीय. मी... मी तिच्या खांद्यावर शालसुद्धा टाकणार होते. मग वाटलं, शाल माझी आहे, ओळखतील.”

ते वाक्य तोंडातून गेलं आणि त्यांनी स्वतःच तोंडावर हात दाबला.

६

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. मग उठून खिडकी लावली.

“हे इथेच राहील.”

“म्हणजे?”

“म्हणजे चुकून जास्त गोळ्या घेतल्या गेल्या. तीही शुद्धीवर आली की समजून घेईल. माई म्हणजे ही शाळा आहे, नव्या बाई. तुम्हाला नाही कळायचं.”

“त्या मरतील कदाचित!”

“मग तर बोलून काय उपयोग?” हे त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. “तुम्हाला कायम करायचा कागद माझ्याकडे आहे. या महिन्यात व्हायचंय. तुम्ही हुशार आहात. आमच्यातल्या व्हा.”

तेव्हा कुठे नव्या बाईंना उमगलं. त्या कोणाच्या नव्हत्या म्हणून त्यांना निवडलं नव्हतं. ज्यांना पाठीराखा नाही, त्यांना गप्प करणं सर्वांत सोपं, म्हणून निवडलं होतं.

संध्याकाळी त्यांनी आईला फोन केला. आईने सगळं ऐकलं आणि म्हणाली, “कायम होईपर्यंत तोंडाला कुलूप लाव बाई. मग काय बोलायचं ते बोल.”

“मग बोलायचं राहणारच नाही, आई. इथे सगळे असेच कायम झालेत.”

“तुझे वडील असते तर बोल म्हणाले असते,” आई म्हणाली, “आणि मी त्यांच्याशी भांडले असते.”

७

सकाळी सभागृहात समिती बसली. अध्यक्षा वयस्क होत्या, ऐकू कमी येत असल्यासारख्या मान पुढे काढून बसल्या होत्या. मोठ्या बाईंनी निवेदन वाचून दाखवलं. कोणाला काही सांगायचंय का, असं अध्यक्षांनी विचारलं. सगळे गुळणी धरून बसले.

नव्या बाई उठल्या.

“या निवेदनावर माझी सही आहे. ती मी मागे घेते. शिडी सैल असल्याचं विज्ञानाच्या बाईंनी दोनदा सांगितलं होतं. त्या काल इथे येऊन तेच बोलणार होत्या. बोलू नयेत म्हणून त्यांना गोळ्या दिल्या गेल्या.”

अध्यक्षांनी पेन उचललं.

“या नवीन आहेत,” मोठ्या बाई घाईने म्हणाल्या. “मनावर परिणाम झालाय त्यांच्या. आपल्या शाळेत असं...”

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. माई उभ्या राहत होत्या, कठड्याचा आधार घेत. आणि मोठ्या बाईंच्या तोंडून निघून गेलं:

“माई, तुम्ही काही बोलू नका!”

अध्यक्षांनी मान हळूच वळवली. “त्यांनी का बोलू नये?”

माईंनी सांगितलं. खुर्चीपासून कॉफीपर्यंत, कॉफीपासून त्या श्वासापर्यंत, काही न वगळता. कोणीतरी हुंदके देत होतं. उपसर खाली बघत होते.

मग खेळाचे सर उठले. काल आधी ज्याच्यावर नव्या बाईंचा सगळ्यांत जास्त संशय होता, तो माणूस. “ती मुलगी हट्टाने चढली नव्हती,” ते म्हणाले. “ती नको म्हणत होती. शिडी हलते, सर, म्हणाली. मीच म्हटलं, भित्री आहेस का, चढ.”

८

विज्ञानाच्या बाई वाचल्या. शुद्ध आली तेव्हा त्यांनी आधी समिती येऊन गेली का ते विचारलं, आणि मग माईंचं कळल्यावर भिंतीकडे तोंड करून पुष्कळ वेळ पडून राहिल्या. “कॉफी देताना कपाळावर हात ठेवला होता त्यांनी,” एवढंच म्हणाल्या. “ताप आहे का बघायला.”

माईंना पोलीस घेऊन गेले तेव्हा अर्धी शाळा फाटकाशी रडत होती. मोठ्या बाई आणि उपसर घरी बसले. नव्या बाईंशी कोणी धड बोलेना. त्या आल्या की गप्पा थांबत. काही जण मात्र एकेकटे, व्हरांड्यात कोणी नाही असं बघून, हळूच म्हणून जात, “बरं केलंत.”

एका दुपारी शाळा सुटल्यावर नव्या बाई त्या आठवीतल्या मुलीच्या घरी गेल्या. तिच्या आईने दार अर्धंच उघडलं.

“आता काय राहिलंय? हट्टी आहे माझी मुलगी, आगाऊ आहे, झालं ऐकून. महिनाभर मीही तेच सुनावतेय तिला.”

“ते खरं नाही, हेच सांगायला आलेय मी. मला आत येऊ द्याल?”

मुलगी खिडकीशी पलंगावर होती. पाय प्लॅस्टरमध्ये, उशीवर उचललेला. तिने बाईंना बघून पुस्तक मिटलं आणि अंग चोरलं, जसं काही ओरडा बसणार आहे.

नव्या बाई तिच्याशेजारी बसल्या. “शिडी सैल होती. शाळेला ते आधीपासून माहीत होतं. तू नको म्हणालीस, तरी तुला चढायला लावलं. हे सरांनी स्वतः सगळ्यांसमोर सांगितलंय. तुझी काहीही चूक नव्हती.”

मुलगी रडली नाही. तिने बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. ती दाराकडे बघत होती, जिथे तिची आई पदराचं टोक मुठीत धरून उभी होती.

“मी सांगत होते ना, आई,” ती म्हणाली.